वाघळानं चाखलेला आंबा

प्रश्न : आम्ही कट्ट्याचे, ता. मालवण. घरामागं जुना वड आहे आणि त्यावर वटवाघळांची वस्ती आहे. मी या घरात सून म्हणून आले त्याच्याही आधीपासूनची. इतकी वर्षं कुणी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही. यंदा मात्र त्यांच्यावरून घरात रोज वाद. मुलीनं मोबाईलवर केरळातल्या निपाहच्या बातम्या वाचल्या आणि परसातला आंबा खायचं बंद केलं. सासूबाईंचं म्हणणं, "वाघळान चाखल्लो आंबो कधी आंबट निघाचो नाय." माझे दीर माडी घेतात. त्यांना मुलगी टोकते, तर ते म्हणतात, "एकदा माडी आंबली की तेच्यात कायेक रवणा नाय." शेजारी वड तोडा म्हणून मागं लागलेत, नाहीतर फटाके लावून वाघळं हाकलून द्या म्हणतात. आणि त्यांच्याच घरातले एक आजोबा दम्यावर वाघळाचं मटण लागू पडतं म्हणून सांगत असतात. यातलं खरं काय? घाबरायचं का, आणि घाबरायचं तर नेमकं कशाला?
एक गृहिणी, कट्टा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली बहुतेक माणसं थोडी बरोबर आहेत आणि थोडी चुकीची. आजोबा मात्र पूर्ण चुकीचे. आधी मुलीची बाजू घेऊ, कारण तिनं निदान वाचलं तरी आहे.

महाराष्ट्रात माणसाला निपाह विषाणूची लागण झाल्याची नोंद आजवर नाही. वटवाघळांत मात्र त्याच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि त्या मिळवल्या पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं. मार्च २०२० मध्ये संस्थेच्या पथकानं महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं पकडून तपासली. गुहेत राहणाऱ्या फळखाऊ जातीच्या आणि एका छोट्या कीटकखाऊ जातीच्या वटवाघळांच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिद्रव्यं आढळली. २०२१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि दोन दिवस सगळीकडे 'महाबळेश्वरात निपाह' असे मथळे झळकले. प्रतिद्रव्यं सापडली याचा अर्थ एवढाच, की त्या प्राण्याची कधीतरी त्या विषाणूशी गाठ पडली होती. महाबळेश्वरातलं कुणी आजारी पडलं नव्हतं आणि स्ट्रॉबेरीचाही काही दोष नव्हता. पण विषाणू सह्याद्रीतल्या वटवाघळांपर्यंत पोहोचला होता, हे त्या दिवसापासून कागदावर आलं. तुमच्या मुलीची शंका म्हणजे निव्वळ मोबाईलचा खेळ नाही.

आता वडावरचे तुमचे पाहुणे. झाडावर उघड्यावर, दिवसाढवळ्या काळ्या पिशव्यांसारखी लटकलेली, पंख पसरले तर चार फुटांच्या आसपास भरणारी, तोंड कोल्ह्यासारखं असलेली ही मोठी फळखाऊ वटवाघळं. इंग्रजीत त्यांना उडता कोल्हाच म्हणतात. निपाहचं मूळ घर ते हेच कूळ. घराच्या कौलांत, वाशांच्या फटीत राहणाऱ्या पाकोळ्या वेगळ्या. त्या किडे खातात, रात्रभरात आपल्या वजनाच्या निम्म्याइतके. त्यांना फळात रस नाही. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या फळखाऊ मोजक्याच. आपल्या शेजारच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांत एक कीटकखाऊ जात राहते. १९१३ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं आणि त्यानंतर कितीतरी दशकं ती जगात फक्त तिथंच आहे असं मानलं जायचं. अशा जातीलाही आपण 'वाघूळ' म्हणून एकाच सुपात पाखडतो.

निपाहची पहिली गोष्ट मात्र आंब्याचीच आहे, म्हणून ती सासूबाईंना जरूर सांगा. १९९८ साली मलेशियात डुकरं पाळणाऱ्या लोकांत मेंदूज्वराची साथ आली. डॉक्टरांना वाटलं डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर असेल. कित्येक महिने डास मारण्यात गेले आणि माणसं मरतच राहिली. पुढं सुंगाई निपाह नावाच्या गावच्या रुग्णात नवा विषाणू सापडला, तेव्हा उलगडा झाला. डुकरांच्या गोठ्यांना लागून मालकांनी आंब्याची झाडं लावली होती. रात्री वटवाघळं आंबे खायची, अर्धवट चघळलेली फळं खाली पडायची, ती डुकरं खायची, आणि डुकरांकडून आजार माणसाकडे. २६५ जणांना लागण झाली, १०५ दगावले, आणि साथ थांबवायला दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. म्हणजे वाघळानं चाखलेला आंबा डुकरानं खाल्ला होता. माणसाला प्रसाद तिसऱ्या हातानं मिळाला.

मग माणसानं थेट तो आंबा खाल्ला तर? प्रयोगशाळेत हे तपासून पाहिलं आहे. आंब्याच्या गरावर हा विषाणू कधी दोन-तीन तासांत मरतो, तर कधी दोन दिवसही तग धरतो. ऊन, उष्णता आणि साबण यांना तो टिकत नाही. तेव्हा हिशेब असा : साल फाटलेलं, दातांचे वा नखांचे ओरखडे असलेलं, अर्धवट खाल्लेलं फळ फेकून द्यायचं. तेवढाच भाग कापून बाकीचं खायचं, हेही नको. फेकायचं म्हणजे गुरांपुढं नव्हे, खड्ड्यात. आणि नंतर हात धुवायचे. झाडावरून उतरवलेला, साल अखंड असलेला आंबा स्वच्छ धुवून, सोलून खुशाल खा. मुलीनं आंबा सोडायचं काही कारण नाही. सासूबाईंचं म्हणणं खरं असू शकतं, कारण वटवाघूळ वासानं पिकलेलं फळ बरोबर हेरतं. मग गोडी कळायला त्याचा वशिला लावा, पण त्यानं बोट दाखवलेल्या फांदीवरचा शेजारचा, न चाखलेला आंबा उतरवा.

माडीवर थोडं जास्त बोलावं लागेल, कारण माझ्या मते तुमच्या घरातली सगळ्यात मोठी फट तीच आहे.

बांगलादेशात २००१ पासून जवळजवळ दर हिवाळ्यात निपाहचे रुग्ण सापडतात आणि त्यातले दहापैकी सात दगावतात. कारण शोधता शोधता संशोधक खजुरीच्या रसापर्यंत पोहोचले. तिथं थंडीत खजुरीच्या बुंध्याला चीर देऊन रात्रभर रस मडक्यात धरतात आणि पहाटे तो कच्चाच पितात. झाडांवर रात्री दिसणारे कॅमेरे बसवले, तेव्हा वटवाघळं चिरेवरच येऊन रस चाटताना दिसली. काही तिथंच मुतताना दिसली, आणि तेही मडक्यात. उपाय निघाला तोही गावचाच : चिरेभोवती आणि मडक्याच्या तोंडावर बांबूच्या कामट्यांचं वा तागाचं झाकण. ते नीट बांधलं की वटवाघळाची जीभ रसापर्यंत पोहोचत नाही.

आता आपला माड बघा. पोयीला चीर देऊन मडकं बांधायचं, संध्याकाळी आणि सकाळी उतरवायचं. मडक्याला रात्रभर राखण कुणाची? माडाची माडी पिऊन कोकणात कुणाला निपाह झाल्याचं उदाहरण नाही, आणि तसं मी सुचवतही नाही. पण वाट तीच आहे. तुमच्या दिरांचा मुद्दा असा, की आंबल्यावर त्यात काही उरत नाही. दुर्दैवानं हाही मुद्दा बांगलादेशात तपासला गेला. २०११ ते २०१४ दरम्यानचे काही रुग्ण ताजा रस पिणारे नव्हते. ते आंबवलेली ताडी पिणारे होते. ताडी-माडीतलं मद्य फारच सौम्य. त्यानं माणूस डुलतो, विषाणू डुलत नाही. उकळली तर विषाणू मरतो, पण मग ती माडी राहत नाही, हे मलाही कळतं. म्हणून दिरांना सांगा, माडी काढणाऱ्याला मडक्याच्या तोंडावर आणि पोयीवर दाट जाळी किंवा विणलेलं झाकण बांधायला लावा. मुंग्या, मधमाशाही कमी पडतील, म्हणजे चवीचाही फायदा. माडापासून गूळ करत असतील तर त्याची काळजी नको. तो कढईत चांगला उकळून निघतो.

केरळात २०१८ मध्ये काय झालं, हे अनेकांना अर्धवटच ठाऊक असतं. कोळिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्र्याजवळच्या एका घरापासून साथ सुरू झाली. घराच्या विहिरीत वटवाघळं होती म्हणून सगळ्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. तपासणीत ती कीटकखाऊ निघाली आणि त्यांच्यात निपाह नव्हता. पुढं झाडावरची मोठी फळखाऊ वटवाघळं तपासली तेव्हा ५२ पैकी १० मध्ये विषाणू मिळाला. पहिल्या रुग्णाला तो नेमका कशातून आला, हे आजही सिद्ध झालेलं नाही. त्यापुढचं मात्र स्वच्छ दिसलं : आजार आधी एका माणसाला झाला, आणि बाकीच्यांना तो माणसाकडून माणसाला असाच आला. बहुतेकांना तो दवाखान्यात मिळाला, वॉर्डात आणि एक्स-रेच्या रांगेत. १८ निश्चित रुग्ण आणि १७ मृत्यू. त्यात पेरांब्र्याच्या सरकारी रुग्णालयातली लिनी पुदुश्शेरी ही तरुण परिचारिकाही होती. २००१ साली सिलिगुडीतही हेच झालं होतं : ६६ रुग्ण, त्यातले बहुतेक दवाखान्यातले कर्मचारी किंवा भेटीला आलेले नातेवाईक. केरळात त्यानंतर २०१९, २०२१, २०२३, २०२४, २०२५ असे पुन्हा पुन्हा रुग्ण निघाले, पण प्रत्येक वेळी साथ मोजक्या माणसांत अडवली गेली. तिथले डॉक्टर आता तापाच्या रुग्णाला पहिले प्रश्न योग्य तेच विचारतात.

म्हणून सांगतो, निपाह कट्ट्याला आलाच तर तो वडावरून उतरण्यापेक्षा कोकण रेल्वेच्या डब्यातून उतरण्याची शक्यता मला जास्त वाटते. केरळातून आपल्याकडे लोकांचं येणं-जाणं कमी नाही. दोडामार्गात रबर आणि अननसाच्या बागा करणारी मल्याळी कुटुंबं आहेत, आपली माणसंही तिकडे नोकरीला आहेत. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण चार ते चौदा दिवस लागतात. केरळ, पश्चिम बंगाल किंवा बांगलादेशातून आलेल्या माणसाला या मुदतीत ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या आणि त्यापाठोपाठ गुंगी किंवा बरळणं असं काही झालं, तर ग्रामीण रुग्णालयात जाताना 'कुठून आलो' हे न विचारताच सांगा. डॉक्टर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील, नमुना पुण्याला जाईल. या आजारावर खात्रीचं औषध नाही, मान्यता मिळालेली लसही नाही. चाचण्या चालू आहेत. लागण झालेल्यांपैकी ४० ते ७५ टक्के दगावतात. इतक्या वाईट आकड्यापुढं रुग्णाला लवकर वेगळं ठेवणं हाच हातातला उपाय उरतो.

आता वड. शेजाऱ्यांना माझं नाव सांगून सांगा, की वड तोडू नका आणि फटाकेही लावू नका. हे मी झाडाच्या प्रेमापोटी बोलत नाही. (प्रेम आहेच, पण ते बाजूला ठेवू.) युगांडात किटाका नावाची खाण होती. तिथल्या वटवाघळांकडून खाणकामगारांना मारबुर्ग नावाचा इबोलाच्या कुळातला आजार झाला, २००७ ची गोष्ट. मालकांनी वटवाघळं मारून खाण रिकामी केली. काही वर्षांनी ती परत आली, संख्येनं कमी, पण त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त. आणि २०१२ मध्ये त्याच परिसरात माणसांत साथ आली. याचं कारण असं : जुनी वस्ती मोडली, की तिथं बाहेरून नवी, अजून लागण न झालेली जनावरं येतात आणि विषाणूला कोरं रान मिळतं.

ऑस्ट्रेलियात दुसऱ्या अंगानं हेच दिसलं. १९९४ साली ब्रिस्बेनमध्ये घोड्यांत आणि त्यांच्याकडून माणसांत हेंड्रा नावाचा आजार आला. हाही निपाहचाच भाऊ आणि त्याचंही घर तीच झाडावरची वटवाघळं. जवळपास २५ वर्षांच्या नोंदी लावून पाहिल्यावर कळलं, की हिवाळ्यात फुलणारी जंगलं तुटली, वटवाघळं उपाशी पडली आणि गावाशेजारी घोड्यांच्या कुरणातल्या झाडांवर येऊन राहिली, की हेंड्राच्या घटना वाढतात. ज्या हिवाळ्यात उरलेलं जंगल भरभरून फुललं, त्या हिवाळ्यात वटवाघळं तिकडे गेली आणि आजार झाला नाही. उपाशी, घाबरलेलं, थकलेलं वटवाघूळ विषाणू जास्त बाहेर टाकतं. पोटभर खाऊन निवांत लटकलेलं कमी. फटाके लावले तर तुमच्या वडावरची वस्ती गावात दहा घरांच्या दहा झाडांवर विखुरणार, आणि प्रत्येक घरच्या आंब्यावर, चिकूवर, माडावर उतरणार. आत्ता सगळी एका जागी आहेत, तुम्हाला ठाऊक असलेल्या जागी.

कायद्याचंही ऐकून ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं कावळे, उंदीर, घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकली होती, म्हणजे मारली तरी कुणी विचारत नसे. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली गेली. पन्नास वर्षं लागली, असो.

आणि वटवाघळं तुमच्या परसात फक्त नासधूस करत नाहीत. उंडीच्या बिया वडाखाली कधी गोळा केल्यात? तेलासाठी उंडी वेचणाऱ्या जुन्या बायकांना विचारा, बिया कुठं हमखास मिळतात. वटवाघूळ उंडीचं फळ तोंडात धरून लांब नेतं, बसल्या जागी गर खातं आणि बी टाकतं. काजूचं तसंच : बोंडू खायचा, बी टाकायची. केरळात वटवाघळांनी टाकलेल्या काजूबिया आणि सुपाऱ्या वेचून विकण्याची लोकांची सवय अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. तुमच्याकडे मुलं अशा बिया वेचत असतील तर वेचू द्या, पण ओल्या, गर चिकटलेल्या बिया उघड्या हातानं नकोत, दातांनी तर अजिबात नकोत. एक-दोन दिवस कडकडीत ऊन खाल्लेल्या बिया वेचल्या आणि मग हात धुतले, की पुरे.

मटणाकडे येतो. दमा, गुडघेदुखी, अंगदुखी यांवर वटवाघूळ लागू पडतं, ही समजूत देशभर आहे आणि तिला कसलाही आधार नाही. दमा बरा होणार नाही. मात्र आजोबांसाठी ते वाघूळ जो पकडतो, सोलतो, चिरतो, त्याच्या हाताला रक्त, लाळ, मूत सगळं लागतं. शिजलेल्या मटणापेक्षा धोका त्या सोलण्यात. नागालँडमध्ये मिमी नावाच्या गावी सुगीच्या वेळी गुहेतली वटवाघळं मारण्याची परंपरा आहे. २०१७ साली तिथल्या शिकाऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा काहींच्या रक्तात इबोलाच्या कुळातल्या विषाणूंची प्रतिद्रव्यं मिळाली. कुणी आजारी नव्हतं, पण हात लागला होता हे निश्चित. आजोबांना म्हणावं, दम्याचा पंप सरकारी दवाखान्यातही मिळतो आणि तो सोलावा लागत नाही.

कुणी विचारेल, इतके विषाणू अंगावर वागवून वटवाघूळ स्वतः मरत कसं नाही? सस्तन प्राण्यांत खऱ्या अर्थानं उडणारा हा एकटाच. उडताना त्याच्या शरीराची भट्टी इतकी तापते, की त्यातून होणारी मोडतोड सोसायला त्याची प्रतिकारशक्ती वेगळ्या घडणीची झाली आहे, असं आज शास्त्रज्ञ मानतात. विषाणूला आवर घालणारी यंत्रणा कायम जागी, पण शरीराचीच नासाडी करणारी आग मात्र मंद. आपण विषाणूपेक्षा पुष्कळदा त्या आगीनं मरतो. वटवाघूळ विषाणूला घरात ठेवून घेतं आणि तीस-तीस वर्षंही जगतं. एक गोष्ट इथं सांगायलाच हवी : जगातल्या सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींत एक वटवाघूळ आहे. जाती जास्त म्हणून विषाणूही जास्त. २०२० साली हा हिशेब जातींच्या प्रमाणात मांडून पाहिला, तेव्हा माणसाला धोका देण्यात वटवाघळं इतर प्राण्यांहून काही फार पुढं दिसली नाहीत. कोरोनाचं बालंट मात्र त्यांच्यावर कायमचं बसलं. त्या विषाणूचे सर्वांत जवळचे नातलग चीन आणि आग्नेय आशियातल्या वटवाघळांत सापडले हे खरं. पण तुमच्या वडावरच्या वाघळांनी कुणाला कोविड दिला नाही.

सिंधुदुर्गात जनावरांकडून माणसाला येणारे जे आजार खरोखर माणसं मारतात, त्यांची नावं घ्यायची तर पहिलं लेप्टोचं घ्यावं लागेल. भातलावणीच्या चिखलात उंदरा-घुशींचं मूत मिसळतं आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून जंतू आत शिरतो. दर पावसाळ्यात आरोग्य खातं गोळ्या वाटतं आणि दर पावसाळ्यात कुणीतरी अंगावर ताप काढतं. दुसरं माकडताप. २०१५ साली गोव्यात सत्तरीतल्या पालीत तो निघाला, २०१६ साली आपल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावात, मग बांद्याच्या बाजूला. वाहक कोण, तर रानातली गोचीड. काजू वेचायला रानात जाणाऱ्यांना तो गाठतो, नेमका जानेवारी ते मेच्या काळात. ज्यांच्या पायाला गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल लावलेलं असतं ते बहुधा वाचतात. भीती वाटून घ्यायचीच असेल, ताई, तर तिचा मोठा हिस्सा उंदीर आणि गोचीड यांना द्या. वडावर कुणी टॉर्च मारत नाही म्हणून ती वाघळं भीतीदायक, आणि कणगीखालचा उंदीर रोजचा म्हणून तो घरातला, असं आपलं चाललंय.

उरलं एक : वाघूळ चावलं तर? चिकूच्या बागेवर टाकलेल्या जाळ्यात अडकलेलं वाघूळ सोडवताना, किंवा दुपारी जमिनीवर पडलेलं पिल्लू उचलताना हे होतं. उघड्या हातानं उचलूच नका. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. भारतात माणसाला रेबीज होतो तो जवळजवळ सगळा कुत्र्यांकडून, पण नागालँडमधल्या वटवाघळांत रेबीजच्या कुळातल्या विषाणूंची प्रतिद्रव्यं मिळाली आहेत आणि रेबीजला दुसरी संधी नसते. माळ्यावर पाकोळ्यांच्या लेंड्यांचा थर साचला असेल तर कोरडा झाडू नका. नाका-तोंडाला फडकं बांधा, थर पाण्यानं भिजवा, मग खरवडून काढा. त्यात बुरशी असू शकते आणि तिची धूळ फुप्फुसात जाते. जुन्या किल्ल्यांच्या तळघरांत, भुयारांत शिरणाऱ्या पोरांनाही हेच सांगा.

पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला आणखी एक प्रश्न निघाला. अक्षर मुलीचं दिसतं.

प्रश्न : वाघळं उलटी लटकतात, मग शू करताना ती त्यांच्याच अंगावर पडत नाही का?

उत्तर : नाही. मोठं वटवाघूळ त्या वेळेपुरतं सुलटं होतं. पंखाच्या वरच्या टोकाला त्याला अंगठ्याचं नख असतं. ते फांदीला अडकवून पाय सोडतं, डोकं वर आणि मागची बाजू खाली करून काम उरकतं, अंग झटकतं आणि पुन्हा पाय वर. संध्याकाळी उडण्याआधी नीट बघ, दिसेल. पण झाडापासून लांब उभी राहून बघ.

निपाह शोधणारे शास्त्रज्ञ तुझाच प्रश्न कामाला लावतात. वटवाघूळ पकडणं कठीण, त्याला त्रासही होतो. म्हणून ते पहाटे, वटवाघळं चरून परतायच्या आत, झाडाखाली प्लास्टिकचे मोठे कागद पसरतात. वटवाघळं येतात, सुलटी होतात, कागदावर थेंब पडतात. ते थेंब टिपून नळीत भरायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. एवढ्यावरून वस्तीत विषाणू फिरतोय की नाही हे कळतं. तेव्हा आईला आणि आजीला एक काम सांग : वडाच्या फांद्यांखाली आमसुलं, सांडगे, पापड असलं काही वाळत घालायचं नाही, विहिरीवर फांदी येत असेल तर विहिरीला जाळी टाकायची, आणि गुरांचं पाण्याचं टाकंही तिथून हलवायचं.